बेहडा, कवडी आणि सर्व्हर

भंडारा जिल्ह्यातल्या कोका अभयारण्यात किंवा शेजारच्या नागझिऱ्यात हिवाळ्यात फिरलात, तर पायाखाली सुपारीएवढी, करड्या रंगाची, बारीक लव असलेली फळं येतात. हा बेहडा. हिरडा आणि आवळा सोबतीला आले की त्याचा त्रिफळा होतो. गोळा करणाऱ्याला चार पैसे मिळतात आणि पोट बिघडलेल्याला चूर्ण मिळतं. बहुतेकांच्या लेखी बेहड्याची ओळख इथं संपते.

पण अमरकोश उघडला तर या झाडाची आणखी नावं सापडतात. एक नाव 'भूतावास', म्हणजे भुतांचं घर. दुसरं 'कलिद्रुम', म्हणजे कलीचं झाड. आणि तिसरं नुसतंच 'अक्ष'. अक्ष म्हणजे फासा. ऋग्वेदातले फासे हस्तिदंताचे नव्हते की लाकडाचे नव्हते. ती बेहड्याची फळं होती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आजोळ साकोली तालुक्यातलं, नोकरी पुण्यात. पटावरच्या खेळांच्या इतिहासात मी शिरलो तो एका प्रश्नामुळे. तो प्रश्न माझ्या मामेभावानं विचारला होता, आणि तो पुढं येईलच. आधी फळांकडे जाऊ.

चारानं भागा, बाकी सांगा

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ३४ वं सूक्त अक्षसूक्त म्हणून ओळखलं जातं. त्यात बोलणारा माणूस हरलेला जुगारी आहे. बायको दुरावली आहे, सासू तोंड पाहत नाही, डोक्यावर कर्ज आहे. रोज ठरवतो की आज जायचं नाही, आणि फाशांचा आवाज कानावर आला की निघतो. सूक्ताच्या शेवटाकडे त्याला सल्ला मिळतो: फासे सोड आणि आपलं शेत नांगर. धानाच्या जिल्ह्यात हे वाचताना मला तीन हजार वर्षांचं अंतर जाणवलं नाही.

हा खेळ खेळत कसे? जर्मन संस्कृत पंडित हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९०७ साली जुन्या भारतीय फाशांच्या खेळावर एक पुस्तक लिहिलं. त्यांनी लावलेला अर्थ असा: फाशांचा मोठा ढीग असे. त्यातून काही फळं काढायची आणि चार-चारांच्या गटात मोजायची. काही उरलं नाही तर दान 'कृत', सर्वांत चांगलं. तीन उरले तर 'त्रेता', दोन उरले तर 'द्वापर', एकच उरला तर 'कली', म्हणजे हार.

हो, ही युगांचीच नावं आहेत. ती आधी फाशांच्या दानांची होती आणि मग काळाला चिकटली. आपण कलियुगात राहतो म्हणजे शब्दशः 'बाकी एक' या दानात राहतो. कोड लिहिणाऱ्यांना हा नियम एका ओळीत कळेल: संख्येला चारानं भागा आणि बाकी पाहा.

या खेळात नशीब आहेच, पण कसबही आहे. ज्याला ढिगाकडे नजर टाकून फळं किती हे पटकन कळतं, तो किती उचलायची हे ठरवू शकतो. म्हणजे जिंकण्याची विद्या मोजण्याची होती.

विदर्भाच्या वाटेवरचं झाड

महाभारतातली नळ-दमयंतीची गोष्ट आपल्याला हंसामुळे लक्षात राहते. दमयंती विदर्भाची राजकन्या. तिनं स्वयंवरात देवांना सोडून नळाला वरलं, म्हणून कली चिडला. तो नळाच्या अंगात शिरला, द्वापर फाशांत शिरला आणि नळ आपला भाऊ पुष्कर याच्याकडे राज्य हरला. वरचा नियम माहीत असेल तर ही नावं वेगळी दिसू लागतात. नळाच्या अंगात हरण्याचं दानच शिरलं होतं.

पुढं नळ ओळख लपवून अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराचा निरोप येतो आणि दोघं रथातून विदर्भाकडे निघतात. वाटेत एक बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण चालत्या रथातून त्याच्याकडे पाहतो आणि सांगतो की दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २,०९५ फळं आहेत. पाच कोटी हा कवीचा हिशोब आहे, तो सोडून द्या. पुढचं महत्त्वाचं आहे. नळ रथ थांबवतो. स्वयंवराला उशीर होत असतानाही तो म्हणतो, मी मोजून पाहणार. झाड पाडून तो मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. हे कसं जमलं, असं विचारल्यावर ऋतुपर्ण सांगतो की मला फाशांचं मर्म आणि संख्येची विद्या येते. नळ त्याला घोड्यांची विद्या देतो आणि बदल्यात ही 'अक्षहृदय' विद्या घेतो.

त्याच क्षणी कली नळाच्या अंगातून बाहेर पडतो आणि बेहड्याच्या झाडात लपतो. झाडाला कलिद्रुम म्हणतात त्यामागची कथा ही. नंतर नळ पुष्कराशी पुन्हा खेळतो आणि एका डावात सगळं परत मिळवतो.

तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी १९७५ साली संभाव्यतेच्या गणिताचा जन्म कसा झाला यावर पुस्तक लिहिलं. त्यातही ही गोष्ट येते. थोड्या फांद्या पाहून अख्ख्या झाडाचा अंदाज बांधणं आणि फाशांचं दान ओळखणं ही एकच विद्या आहे, हे कथा सांगणाऱ्याला ठाऊक होतं, याचं त्यांना अप्रूप वाटलं. मला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते. कलीला घालवायला मंत्र लागला नाही, शपथ लागली नाही. मोजता येणं पुरलं.

चार कवड्यांचं गणित

बेहड्याच्या ढिगाचा खेळ मागं पडला. त्याची जागा चौकोनी लांबट फासे आणि कवड्यांनी घेतली. लांबट फाशांवर सारीपाट चाले. अधिक चिन्हासारखा कापडी पट, चार हात, प्रत्येक हातावर आठ-आठ घरांच्या तीन रांगा, चार रंगांच्या सोळा सोंगट्या. वेरूळच्या २१ आणि २९ क्रमांकाच्या लेण्यांत शिव-पार्वती फाशांचा खेळ मांडून बसले आहेत, आणि खाली गण नंदीला छळताहेत. आपण आजही 'पोबारा केला' म्हणतो, तो शब्द याच पटावरचा. पौ म्हणजे एक आणि बारा म्हणजे दोन सहा. तीन फाशांवर एक, सहा, सहा पडले की तेरा, मोठं दान. आज त्याचा अर्थ पळून जाणं एवढाच उरला आहे.

श्रीमंतांच्या वाड्यात सारीपाट होता, तर ओसरीवर पाच बाय पाच घरांचा पट होता. आमच्याकडे त्याला अष्टा-चंगा म्हणतात, दुसरीकडे चल्लस-आठ, कर्नाटकात चौकाबारा. खडूनं किंवा कोळशानं पंचवीस घरं आखायची. चारी बाजूंची मधली घरं आणि केंद्र यांवर फुली मारायची. त्या घरांत कुणी कुणाला मारत नाही. प्रत्येकाच्या चार सोंगट्या, म्हणजे चिंचोके, बांगडीचे तुकडे, खडे, जे हाताशी असेल ते. बाहेरची फेरी एका दिशेनं पूर्ण करायची. निदान एक सोंगटी मारली असेल तरच आतल्या फेरीत उलट्या दिशेनं जायचं आणि शेवटी मधल्या घरात पोचायचं.

दान चार कवड्यांनी पडतं. जितक्या उताण्या तितकी घरं. चारही उताण्या पडल्या तर चंगा, म्हणजे चार. चारही पालथ्या पडल्या तर अष्टा, म्हणजे आठ. या दोन्हींवर पुन्हा खेळायला मिळतं.

आता मोजू. प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी, म्हणजे चार कवड्यांच्या एकूण १६ शक्यता. दोन्ही बाजू सारख्या पडतात असं धरलं, तर एक पडण्याच्या ४, दोन पडण्याच्या ६, तीनच्या ४, चंग्याची १ आणि अष्ट्याची १. प्रत्यक्षात प्रत्येक कवडीची ठेवण वेगळी असते, त्यामुळे घराघरातल्या कवड्या थोड्या वेगळ्या वागतात, पण आकार हाच. दोन सर्वांत जास्त पडतात, चार आणि आठ क्वचित.

याचा खेळावर काय परिणाम होतो? तुमची सोंगटी माझ्या दोन घरं पुढं असेल, तर मी तिला मारण्याची शक्यता १६ त ६. ती चार घरं पुढं असेल, तर एकाच दानात मारण्याची शक्यता १६ त फक्त १. म्हणजे चार घरं पुढची जागा दोन घरं पुढच्या जागेपेक्षा सहापट सुरक्षित.

माझी आजी शाळेत गेली नव्हती. ती खेळताना एकच वाक्य घोकायची: "दोनाच्या पुढं बसू नोको, मारूनच टाकंल." मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या सत्रात संभाव्यतेचं जे कोष्टक पाठ केलं, ते तिनं ओसरीवर हजारो दानं पाहून मिळवलं होतं. ऋतुपर्णाची विद्या ती हीच, फक्त तिला कुणी भारी नाव दिलं नव्हतं.

सहा बाजूंचा ठोकळा

कवड्यांचा पचिसी युरोप-अमेरिकेत गेला. अमेरिकेत १८७४ मध्ये 'पार्चिसी' या नावाचा ट्रेडमार्क नोंदला गेला. इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये 'लुडो'चं पेटंट घेतलं गेलं. लुडो हा लॅटिन शब्द, अर्थ 'मी खेळतो'. अधिक चिन्हाचा पट तोच, चार रंग, चार-चार सोंगट्या. एक मोठा बदल झाला. कवड्या गेल्या आणि सहा बाजूंचा ठोकळा आला.

ठोकळ्यावर एकापासून सहापर्यंत प्रत्येक दानाची शक्यता सारखी, सहांत एक. म्हणजे एका दानापुरतं पाहिलं तर दोन घरं पुढं बसा की चार घरं पुढं, धोका तितकाच. आजीचं वाक्य लुडोत निरुपयोगी आहे. जागा निवडण्याची अक्कल लुडोत लागतच नाही असं नाही, पण ती बरीच पातळ झाली. खेळ सोपा झाला, लहान मुलांना आवडला, खोक्यात बसून पुन्हा भारतात आला. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात सापशिडीच्या मागच्या बाजूला तोच होता.

मग तो मोबाइलमध्ये गेला. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी लुडो चालू होतं, आणि त्यातलं बरंचसं निव्वळ मजेचं होतं. पण त्याच पटावर दुसऱ्या काही ॲपांनी पैसे लावले.

चुकारा

मामांची शेती सहा एकर, सगळी धानाची. खरिपाचं धान आधारभूत केंद्रावर घातलं की काही आठवड्यांनी बँकेत चुकारा जमा होतो. त्या एका रकमेवर खताची उधारी, सोसायटीचं कर्ज, पोरांची फी, पुढच्या हंगामाचं बियाणं असं सगळं ठरलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी मामेभावानं त्या चुकाऱ्यातला मोठा हिस्सा पैसे लावून खेळायच्या लुडोत घालवला. मी त्याला तिथं भेटलो तेव्हा घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मामी चहा ठेवून आत निघून गेली.

तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्यानं मोबाइल पुढं केला आणि विचारलं, "तू त हेच काम करतोस ना? सांग मले, थो फासा फिरवते का थे लोकं?"

हा तो प्रश्न. याचं प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्यावं लागतं.

पहिला भाग. मोबाइलवर फासा फिरताना दिसतो ते चित्र असतं. दान आधीच ठरलेलं असतं. कंपनीच्या सर्व्हरवर एक प्रोग्राम आकडा काढतो. एका सुरुवातीच्या संख्येवर ठरावीक क्रिया करत तो रँडम दिसणारे आकडे देत राहतो. सुरुवातीची संख्या तीच ठेवली तर आकड्यांची मालिकाही तीच येते. हे प्रामाणिकपणे करता येतं आणि लबाडीनंही करता येतं. खेळणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. समोर माणूस खेळतोय की प्रोग्राम, हेही पडद्यावरून कळत नाही. ओसरीवर कवडी भिंतीला टेकून आडवी राहिली तर चौघं वाकून पाहतात, भांडतात आणि पुन्हा टाकायला लावतात. सर्व्हरवरच्या कवडीकडे वाकून पाहता येत नाही.

याला उपाय नाही असं नाही. डाव सुरू होण्याआधी सर्व्हरनं आपली गुप्त संख्या कुलूपबंद करून तिचा ठसा खेळणाऱ्याला द्यायचा आणि डाव संपल्यावर संख्या उघड करायची. ठसा जुळला तर दानं मध्येच बदलली नाहीत हे पडताळता येतं. मुठीत फासे घेऊन मूठ सगळ्यांसमोर ठेवण्यासारखंच आहे हे. ही पद्धत आम्हा प्रोग्रामरांना चांगली माहीत आहे.

दुसरा भाग मी त्याला कागदावर दाखवला. समजा दोन सारख्या ताकदीचे खेळाडू ५०-५० रुपये लावतात. शंभरातले दहा कंपनी ठेवते आणि जिंकणाऱ्याला ९० देते. निम्मे डाव तू जिंकशील, निम्मे हरशील. दर दोन डावांत तू १०० लावलेस आणि तुला ९० मिळाले. म्हणजे डावामागं ५ रुपये गेले. दिवसाला वीस डाव खेळलास तर शंभर रुपये, महिन्याला तीन हजार. यात फासा एकदाही फिरवावा लागला नाही. हरलेले पैसे भरून काढायला पन्नासाचे पाचशे केलेस, की हाच आकडा दहापट.

तो कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे मी चांगला खेळलो तरी?" मी सांगितलं, समोरच्यापेक्षा खूपच चांगला खेळलास तर फरक पडेल. पण लुडोत खूप चांगलं खेळायला जागाच किती आहे?

द्यूताध्यक्ष

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी, त्याच्या देखरेखीखाली चालावा, असा नियम आहे. कवड्या आणि फासे त्यानंच पुरवायचे, आणि ते खरे असले पाहिजेत. दुसरे फासे घुसवणाऱ्याला बारा पण दंड. जिंकणाऱ्याच्या रकमेतून शेकडा पाच सरकारचे. त्या काळाच्या कारभाऱ्यांना दोन गोष्टी कळल्या होत्या: फासा कुणी पुरवला हे महत्त्वाचं आहे आणि खरी कमाई कापून घेणाऱ्याची असते.

मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या गद्यातही जुगार आहे. तेराव्या शतकात ऋद्धपूरला, आपल्या विदर्भातच, म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. चक्रधरस्वामी पूर्वायुष्यात भडोचचे हरपाळदेव होते, द्यूतात मोठी रक्कम हरले आणि पत्नीनं दागिने द्यायला नकार दिला, ही हकिगत त्यात येते. संसारावरून मन उडायला ती कारण ठरली. याच चक्रधरांच्या शिष्यांत एक नीळभट्ट भांडारेकर होते, आपल्या भंडाऱ्याचे. एका घरातल्या नकाराची नोंद आपल्या भाषेनं सातशे वर्षं जपली आहे.

इंग्रजी अमलात १८८७ साली मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आला. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. तेव्हापासून प्रत्येक खेळाबद्दल एकच वाद: हा कौशल्याचा की नशिबाचा? ऑनलाइन कंपन्याही याच फटीतून आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात हा जुना वादच बाजूला ठेवला आहे. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन चालत असेल तर बंदी. पैशाविना खेळायला मोकळीक.

मला हा कायदा योग्य वाटतो. पण दुकान बंद झालं म्हणून गिऱ्हाइकाला हिशोब येऊ लागतो असं नाही. उद्या हेच दान दुसऱ्या नावानं, शेअरच्या भावाच्या किंवा क्रिकेटच्या अंदाजाच्या रूपात मोबाइलवर येईल. तेव्हा विचारायचे प्रश्न तेच राहतील: दान कोण टाकतंय, ते मला पाहता येतं का, आणि प्रत्येक डावात कोण किती कापतंय?

मामेभावाचं कर्ज अजून फिटतंय. यंदा त्यानं रोवणीला मजूर कमी लावले आणि नवरा-बायको दोघंही बांधीत उतरले. त्याची मुलगी दुसरीत आहे. तिला खेळायला मी अष्टा-चंग्याच्या चार कवड्या दिल्या, सोबत एक वही. प्रत्येक दान पडलं की त्यापुढं एक रेघ मारायची.

तुम्हीही करून पाहा. चार कवड्या नसतील तर दोन चिंचोके फोडून चार डाळिंब्या करा. आतली बाजू पांढरी, बाहेरची काळी. शंभर दानं टाका आणि वहीत रेघा मारा. दोनाच्या रांगेत रेघा वाढत जातील, चार आणि आठ मागं राहतील. चारही पांढऱ्या किंवा चारही काळ्या वरचेवर पडू लागल्या, तर डाळिंब्या बदला.